चिरेखाणीतलं चकचकीत पाणी: कुडाळ-मालवण भागात मलेरियाच्या डासांमागे

मलेरियाचे डास आणि त्यांच्या अळ्या शोधायला जायचं तर पाऊस ओसरल्यावर, भात पिवळं पडायला लागल्यावर जावं. आम्ही तेच केलं. जुलैच्या मुसळधारेत व्हाळ, म्हणजे ओढा, अळ्या वाहून नेतो. पाणी संथ झालं की पैदास जोर धरते. कोकण रेल्वेने कुडाळला उतरून पुढे वाडीपर्यंत रिक्षा केली. मुक्काम वाडीतच करा. हे काम उजाडायच्या आत सुरू होतं, तेव्हा एसटी नसते.

पहाटे गोठा. ग्रामीण भारतातला मलेरियाचा मुख्य वाहक ॲनोफिलीस क्युलिसिफेसीस. याच्या मादीला माणसापेक्षा गुरांचं रक्त जास्त आवडतं, आणि पोट भरलं की ती भिंतीवर, वाशांवर विसावते. पंखांवर ठिपके आणि शेपूट वर करून तिरकी बैठक, ही ॲनोफिलीसची ओळख. बॅटरी, काचनळ्या, कापूस आणि डास ओढायची नळी एवढं पुरतं. नळीत बारीक जाळी मात्र हवीच, नाहीतर डास थेट घशात. धार काढणं चालू असेल तर बाहेर थांबा. प्रकाशाने गाय बुजली की पुढच्या गोठ्यात कोणी पाऊल ठेवू देत नाही.

उन्हं वर आल्यावर चिरेखाणी, म्हणजे जांभ्या दगडाचे चिरे काढायच्या खाणी. बंद पडलेल्या खाणींत पावसाचं पाणी साठून राहतं. "डास गटारात बघा, हंय पाणी कसा चकचकीत आसा," असं एक काका म्हणाले. गटारात सापडतो तो बहुधा क्युलेक्स, मलेरिया न पसरवणारा दुसरा डास. ॲनोफिलीसला असंच नितळ, उन्हातलं पाणी लागतं. पांढऱ्या वाडग्यात पाणी अलगद घ्या, आपली सावली पडू देऊ नका; सावली पडताच अळ्या बुडी मारतात. क्युलेक्सची अळी डोकं खाली करून लोंबते, ॲनोफिलीसची पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी तरंगते. काकांना वाडग्यात दाखवल्यावर त्यांनी शेजाऱ्यांनाही हाक मारली.

खाणीत उतरताना मालकाला विचारा, गमबूट घाला. जांभ्याच्या कपारीत फुरसं हा विषारी साप असतो, आणि काठ सरळ तुटलेले असल्याने पोहता येणाऱ्यालाही वर येणं कठीण.

आता उपायांचं. अळ्या खाणारे गप्पी मासे खाणीत आणि वापरात नसलेल्या विहिरीत छान टिकतात, पण पावसात खाण तुडुंब वाहिली की निघून जातात, म्हणून दरवर्षी पुन्हा सोडावे लागतात. व्हाळात सोडू नका. तिथे टिकत नाहीत आणि परक्या माशांचा स्थानिक जातींना त्रासच. धूर फवारणीवर माझा फारसा विश्वास नाही. ती दिसते भरपूर, पण अळ्यांना तिचं काहीच होत नाही. भिंतींवरची औषध फवारणी उपयोगी, कारण मादी रक्त पिऊन भिंतीवरच टेकते. मात्र इथे गणपतीआधी घरोघर रंग निघतो आणि फवारलेलं औषध रंगाखाली जातं. फवारणीवाले आधी आले असतील तर मेहनत वाया. तारीख ठरवताना आशाताईंना, म्हणजे गावातल्या आशा आरोग्य कार्यकर्तीला, विचारा. कोणाच्या घरी कधी रंग लागणार हे त्यांना पाठ असतं.

चिरेखाणीवरच्या आणि आंबा बागेतल्या परगावच्या कामगारांच्या झोपड्या टाळू नका. तिथे फवारायला धड भिंतच नसते, तेव्हा औषध लावलेली मच्छरदाणीच कामाची. परतल्यावर थंडी वाजून ताप आला तर रक्त तपासा, आणि डॉक्टरांना कुठे फिरून आलात ते सांगा. व्हायवॅक्स या प्रकारच्या मलेरियाचा जंतू यकृतात दडून महिन्यांनीही उठतो, त्यामुळे तिथला प्रवास जुना झाला म्हणून तो सांगायचा राहू देऊ नका.