नव्या बॅटऱ्या टाकल्या तरी पहाटे सेल्फ फिरेना

संक्रांतीच्या आधीचा आठवडा होता, सोलापुरात होम मैदानावर गड्ड्याच्या यात्रेचे पाळणे उभे राहत होते आणि मार्केट यार्डात कांद्याची इतकी आवक की हैदराबाद रोडला रात्रभर गाड्यांची रांग. पहाटे साडेपाचला फोन, मिस्त्री लवकर या, गाडी सेल्फ घेईना, मागंपुढं दोन्हीकडं गाड्या अडकल्यात. मी ट्रकच्या वायरिंगचं काम करतो, 18 वर्षं झाली, डिसेंबर-जानेवारीत असले फोन रोजचेच, पण हे प्रकरण अजून डोक्यातनं जात नाही.

गाडी 10 चाकी, कॉमन रेल, म्हणजे कॉम्प्युटर जास्त प्रेशरनं डिझेल सोडतो तसलं इंजिन, कांदा भरून बंगळूरला निघालेली. चावी मारली की डॅशबोर्डचे दिवे एकदम मंद, मीटरचे काटे खाली, सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर, अर्धा फेरा घेऊन थांबायचा. दुसऱ्यांदा मारलं तर नुसतं टकटक. कोणीही सांगेल बॅटरी उतरली म्हणून. पण दोन्ही बॅटऱ्या आदल्याच दुपारी नव्या टाकलेल्या, आणि टाकल्यावर गाडी लगेच चालू पण झालेली.

ड्रायव्हर पन्नाशीचे, मामाच म्हणतो मी त्यांना, कानटोपी घालून गप उभे होते. शेठचा फोन येऊन गेलेला. शेठचं म्हणणं, रात्री लाइट आणि टेप चालू ठेवून झोपतोस, जुन्या बॅटऱ्या तूच मारल्यास, आता नव्याही मारल्या, सगळे पैसे पगारातनं कापणार. मामा म्हणाले, "मिस्त्री, मेन स्विच बंद केल्याशिवाय मी झोपत नाही ओ, पोरांची शपथ." त्यांचा आवाज ऐकून वाईट वाटलं खरंच.

मी आधी विचारलं, परवापासनं काय काय झालं ते सांगा. तर परवा पहाटे पण अशीच बंद होती, तेव्हा शेजारच्या गाडीवरनं केबल लावली आणि एका झटक्यात चालू झाली, म्हणून सगळे म्हणाले बॅटरी गेली. आणि आज? आज पण केबल लावून बघितली, तीच केबल, तशीच 24 व्होल्टची गाडी, पण काही फरक नाही. मी म्हटलं, मामा आठवून सांगा, काळी केबल परवा कुठं लावली होती? त्यांनी जरा विचार केला, म्हणाले, परवा गाडी तिरकी उभी होती, केबल बॅटरीपर्यंत पोचेना म्हणून इंजिनच्या ब्रॅकेटला लावली, आज बॅटरीवरच लावली.

झालं, मला तिथंच कळलं कुठं बघायचं ते.

सेल्फला लाल केबलमधनं करंट जातो तेवढाच परत यावा लागतो, आणि परत यायचा रस्ता म्हणजे इंजिन, इंजिनवरनं अर्थची पट्टी (तारांची विणलेली), पट्टीवरनं चेसी, चेसीवरनं बॅटरीचा मायनस. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळं ती पट्टीच खरा पूल. परवा काळी केबल थेट इंजिनला लागली म्हणजे पट्टीला वळसा घालून करंट परत गेला. आज बॅटरीवर लावली म्हणजे पुन्हा त्याच खराब पुलावरनं.

मल्टिमीटर काढला. नुसत्या उभ्या गाडीला बॅटरी 25.3 व्होल्ट, एकदम चांगली. मग माझ्या हाताखालच्या पोराला चावी मारायला सांगितली आणि सेल्फ लोड घेत असताना मोजलं. बॅटरीच्या दोन टोकांवर 21.4. बॅटरीच्या प्लसपासनं सेल्फच्या बोल्टपर्यंत 0.4, ठीक आहे. मग बॅटरीच्या मायनसपासनं इंजिनच्या ब्लॉकपर्यंत, तिथं 4.3! म्हणजे सेल्फच्या वाट्याला जेमतेम 16.7 आले. हे ओहमवर लावून कधीच दिसत नाही, कारण 0.01 ओहम म्हणजे साध्या मीटरला शून्यच, पण त्यातनं 500 अँपिअर जायला लागले की 5 व्होल्ट तिथंच खातो.

आणि दुपारी चालू व्हायची ती का? तर सोलापूरची थंडी म्हणजे 12-13 अंश, त्यात डिझेल गोठत नाही की काही नाही, पण रात्रभर उभ्या इंजिनातलं ऑइल जाड होतं, बॅटरीची ताकद उतरते, सेल्फला जड फिरवावं लागतं म्हणून तो जास्त करंट ओढतो, आणि जेवढा करंट जास्त तेवढं त्या खराब जोडावर जास्त व्होल्टेज पडतं. शिवाय इंजिन हळू फिरलं की सिलिंडरात हवा तापत नाही, रेलचं प्रेशर चढत नाही, मग ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, डिझेल सोडतच नाही. ऊन वर आलं की हे सगळंच थोडं थोडं सुधारतं आणि गाडी चालू होते, आणि माणूस म्हणतो बघा नव्या बॅटरीनं काम झालं.

टॉर्च घेऊन खाली गेलो. गिअरबॉक्सच्या बेल हाउसिंगजवळ पट्टी होती, बोल्टला हात लावला तर एवढ्या थंडीत तो गरम! मामांना म्हटलं तुम्ही पण लावून बघा. ते वाकून आत आले, हात लावला, काही बोलले नाहीत. महिन्यापूर्वी क्लचच्या कामाला गिअरबॉक्स उतरवला होता आणि पट्टी परत लावताना चेसीच्या रंगावरच आवळलेली, वॉशर गायब, तारा अर्ध्या तुटून हिरव्या पडलेल्या. बॅटरीवाल्यानंही मोजायची तसदी घेतली नव्हती, घेतली असती तर पाच मिनिटांचं काम होतं, याचा मला आजही राग येतो.

रंग घासून पत्रा पांढरा केला, नवी जाड पट्टी, दातेरी वॉशर, आवळून वरनं ग्रीस. परत चावी. आता मायनस ते इंजिन 0.3, पण बॅटरीवर 20.8 दिसलं तर मामा घाबरले, आधीपेक्षा कमी झालं म्हणून. तसं नाही, आता सेल्फला पाहिजे तेवढा करंट मिळतोय म्हणून बॅटरी जास्त देतेय, सेल्फवर 20.1 पोचतायत. दुसऱ्या फेऱ्याला इंजिनानं पकड घेतली, पांढरा धूर सोडला आणि मागच्या गाड्यांचे हॉर्न थांबले.

जुन्या बॅटऱ्या बॅटरीवाल्याच्या दुकानातच पडून होत्या. मी तिथं जाऊन हायड्रोमीटर टाकला, त्यावर ॲसिडची ग्रॅव्हिटी कळते, दोन्ही बॅटऱ्यांच्या बाराही घरांत 1240 ते 1250. म्हणजे चांगल्या होत्या. तिथनंच शेठला फोन लावला, आकडे सांगितले, रंगावर आवळलेल्या पट्टीचा फोटो पाठवला, आणि स्पष्ट म्हटलं की यात मामांचा काही दोष नाही, उलट त्यांनी केबल कुठं लावली ते नीट सांगितलं म्हणून सापडलं. शेठ जरा वेळ गप. मग म्हणाले, त्या बॅटऱ्या दुसऱ्या गाडीला घेतो, आणि मामांचा नंबर का लागत नाही ओ?

मामा तोवर गाडी रांगेतनं बाहेर काढत होते. मी यार्डात परत येऊन केबिनच्या पायरीवर चढलो आणि माझा फोन त्यांच्या हातात दिला.