यंत्रजुळणी आणि सोलापूरचे छापखाने

छपाईच्या इतिहासात गुटेनबर्गचे नाव सगळेच घेतात; पण त्याच्यानंतर चारशेहून अधिक वर्षे खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरे, हातानेच जुळवले जात होते, याचा उल्लेख क्वचितच होतो. वाफेवरची यंत्रे तासाला हजारो प्रती काढू लागली, तरी जुळारी स्टिक (ओळ जुळवायची पट्टी) हातात धरून केसमधून, म्हणजे खणांच्या पेटीतून, एकेक खिळा वेचतच होता आणि छपाई झाली की तोच टाईप सोडवून परत खणांत टाकत होता. ही कोंडी १८८६ मध्ये ऑटमार मर्गेनथेलरच्या लायनोटाईप या जुळणीयंत्राने फोडली. कळ दाबताच अक्षराचा पितळी साचा घसरत ओळीत येई, ओळ भरली की धातूचा रस ओतून ती अखंड पडे आणि साचे आपापल्या खणांत परत जात. टाईप सोडवण्याचे काम संपले. छापून झालेल्या ओळी पुन्हा भट्टीत टाकायच्या.

टॉल्बर्ट लॅन्स्टनचे मोनोटाईप हे दुसरे जुळणीयंत्र समजायला सोलापूरकराला वेळ लागू नये, कारण जकार्ड मागावरची भोके पाडलेली कार्डे चादरीची नक्षी ठरवतात, तशीच येथे कागदी पट्टीवरची भोके अक्षर ठरवत. एका यंत्रावर पट्टी तयार होई, दुसऱ्या यंत्रात दाबलेल्या हवेने ती वाचली जाऊन सुटी अक्षरे ओतली जात. मात्र ओळीत शब्दांमधली जागा किती सोडायची, हे ओळ संपल्यावरच कळते. म्हणून पट्टी ओतयंत्रात उलटी, शेवटाकडून, घालत. या साऱ्या इतिहासातली ही मला सर्वांत देखणी युक्ती वाटते.

लायनोत एक अंक चुकला तरी पूर्ण ओळ नव्याने पाडावी लागे, मोनोत तेवढाच खिळा बदलता येई; त्यामुळे कोष्टकांच्या कामाला मोनो सोयीचे. दाते पंचांगाच्या या गावात तिथी, नक्षत्र, घटका-पळांचे रकाने पाहिले की त्या फरकाचे मोल लक्षात येते.

पण देवनागरीचा प्रश्न वेगळाच होता. इंग्रजी लायनोला नव्वद कळा पुरत. आपल्याकडे जोडाक्षरे, मात्रा, वेलांट्या, रफार धरून खिळ्यांची संख्या काहीशेवर जाई, आणि एका साच्याच्या डोक्यावर दुसरा साचा बसवता येत नसे. टाईपांची संख्या घटवण्यासाठी टिळकांनी खटपट केली, सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी (इ, उ ऐवजी अि, अु असे लिहिणे) पुढे आणली. हेतू चांगला असला, तरी यंत्राच्या अडचणीपायी लिपीनेच अंग चोरावे, हे मला तेव्हाच्या घाईचे लक्षण वाटते.

सोलापुरात तर मराठीच्या जोडीला कन्नड, तेलुगू आणि उर्दू. लग्नपत्रिका, हँडबिले, पावतीपुस्तके छापणाऱ्या छोट्या छापखान्याला प्रत्येक लिपीसाठी महागडे यंत्र घेणे अशक्य होते. तेलुगू आणि कन्नडच्या वेगळ्या केसी ठेवायच्या, उर्दूसाठी कातिबाकडून, म्हणजे सुलेखनकाराकडून, मजकूर लिहून घ्यायचा आणि बाकीचे ट्रेडलवर, म्हणजे छोट्या छपाईयंत्रावर, निभवायचे, हाच परवडणारा मार्ग होता. त्यामुळे जगाच्या वृत्तपत्रसृष्टीत ज्या यंत्रांनी उलथापालथ केली, ती आमच्या पेठांतल्या छापखान्यांना वळसा घालून गेली. तेथे खिळ्यांची जागा थेट संगणकावरच्या अक्षरजुळणीने, डीटीपीने, घेतली, आणि ट्रेडल उरले ते पावतीपुस्तकांवर नंबर घालण्यापुरते.