खांदेरीला जा, उंदेरीचे पैसे देऊ नका

खांदेरी आणि उंदेरी हे अलिबागजवळच्या थळसमोरचे दोन जलदुर्ग. थळच्या किनाऱ्यावर ‘खांदेरी-उंदेरी दोन्ही’ असं म्हणून पैसे घेतले की दोन्हीवर पाय ठेवायला मिळतील, या भ्रमात राहू नका. आमच्याकडून दोन्ही किल्ल्यांचे, तेही माणशी, रोख मोजून घेतले आणि उंदेरी दाखवली होडीतूनच. “ही बघा उंदेरी.” संपलं. का उतरवत नाही विचारलं, तर म्हणे, “दादा, ओहोटी लागली, होडी खडकाला लागंल.” सकाळी पैसे घेताना तिथी ठाऊक नव्हती का? वर खांदेरीला थांबल्याचे ‘वेटिंग’ म्हणून वेगळे मागितले ते निराळेच. तेव्हा माणशी भाव बोलूच नका. अख्खी होडी ठरवा, थांबायचा वेळ त्यातच धरा आणि निम्मे पैसे परत थळला लागल्यावर द्या.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या नाखव्याला गाठून उंदेरीवर उतरलोच. धक्का नाही. होडी नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, खडकाला भिडवतात, लाट वर आली की उडी मारायची. खडकावर शेवाळ, आणि जिथे शेवाळ नाही तिथे कालवं. हात टेकला की तळवा फाटतो. आमच्यातल्या एकाचा फाटला, आणि खाऱ्या पाण्याने तो जो काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. आत काय? ढासळलेली तटबंदी, झाडोऱ्यात लोळणाऱ्या तोफा, काटे. पोहता येत नसेल, बरोबर मुलं किंवा आईवडील असतील, तर उंदेरी सरळ वगळा.

पण त्या उडीने एक गोष्ट कळली, जी पुस्तकात वाचून कळत नाही. इथली सगळी लढाई बेटावर उतरायची आणि उतरू न द्यायची होती. ऑगस्ट १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या हुकमाने त्यांच्या आरमारातल्या मायनाक भंडारीने माणसं घेऊन खांदेरीवर तट बांधायला घेतला. मुंबई बंदराच्या तोंडावरचं बेट, इंग्रजांना झोप कशी लागावी? सप्टेंबरात त्यांचा लेफ्टनंट थॉर्प बेटावर उतरायला गेला आणि तिथेच मारला गेला. १८ ऑक्टोबरला मराठ्यांच्या आरमाराचा सरदार दौलतखान याची गलबतं नागावच्या बाजूने इंग्रजांच्या ताफ्यावर धावून आली. इंग्रजांची ‘डव्ह’ ही गुराब, म्हणजे लढाऊ जहाज, मराठ्यांनी धरली. पण त्यांचं दुसरं जहाज ‘रिव्हेंज’ जागचं हललं नाही आणि त्याच्या तोफांपुढे गलबतांना मागे फिरावं लागलं.

इथे आपल्याकडची माहिती सांगणारे हमखास गडबड करतात. त्या दिवसाला ‘दणदणीत विजय’ म्हणून मोकळे होतात. नव्हता तो. विजय नंतरचा आहे, आणि तो तोफांचा नाही. खांदेरीच्या दीपगृहाजवळ उभं राहून थळकडे तोंड करा, सगळं समोर दिसतं. किनारा जेमतेम पाच किलोमीटर, मधलं पाणी उथळ. इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना वारा लागतो आणि खोल पाणी लागतं. वल्ह्यांच्या होड्यांना दोन्ही नको. रात्रीच्या अंधारात त्या दाणागोटा, माणसं पोचवत राहिल्या, तट वर चढत राहिला आणि १६८० उजाडल्यावर इंग्रजांनी तह करून काढता पाय घेतला. जानेवारीत जंजिऱ्याच्या सिद्दी कासमने शेजारची उंदेरी बळकावली. पुढे कित्येक वर्षं दोन बेटं एकमेकांवर तोफा रोखून बसली. एवढं पाहायला खांदेरीचे पैसे खुशाल मोजा. वेताळाचं ठाणं आणि ठोकल्यावर भांड्यासारखा वाजणारा दगड वरकड. पावसाळ्यात जाऊ नका, होड्या बंदच असतात.

कुलाबा किल्ल्यासाठी अलिबागला कुणी घोडागाडीत बसा म्हणून मागे लागला, तर आधी पंचांग बघा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला भरती तीनला, आणि ओहोटी त्यानंतर सहा तासांनी, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. तृतीया-चतुर्थीला उधाणाचा जोर अजून असतो, पाणी लांब हटतं, वाळूतून चालत जा. अष्टमीला ओहोटी भर दुपारी, आणि भांगाचं, म्हणजे कमी चढउताराचं, पाणी पुरतं हटतही नाही. त्या दिवशी गाडीवाल्याची चांदी. परतीची वेळ पक्की ठेवा. भरती कुणासाठी थांबत नाही, आणि पाण्यात गाडीचा भाव चढतो.

आत चाकांच्या गाड्यांवरच्या दोन तोफांशी लोक ‘आंग्र्यांच्या तोफा’ म्हणून फोटो काढतात. वाकून नीट वाचा. १८४९, लो मूर, यॉर्कशायर, म्हणजे इंग्लंड. आंग्र्यांचं राज्य ईस्ट इंडिया कंपनीने खालसा केल्यानंतरचा माल आहे हा! डिसेंबर १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून ह्याच किल्ल्यावर चालून आले, मराठ्यांचे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या मदतीला बाजीराव धावला, आणि पोर्तुगीजांनी इंग्रजांना बाजूला ठेवून परस्पर तह उरकला. कान्होजींची समाधी अलिबाग गावातच आहे, तिथे गर्दी नसते.

सुवर्णदुर्गला हर्णैहून होडी मिळते. ते ठीकच झालं, त्रास नाही.

विजयदुर्गला मात्र वेळ काढाच. महामार्गावर तळेऱ्याला आत वळलं की पुढे वळणांनी पोट ढवळतं, गोळी घेऊन बसा. तट भक्कम आहे, उन्हाला आडोसा नाही, सकाळी आठलाच आत शिरा. तट बघून झाला की खाडीकडे तोंड करून उभे राहा. कान्होजींचा मुलगा तुळाजी आंग्रे याचं आरमार संपलं ते त्या पाण्यात. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज आरमारी अधिकारी वॉटसनचा ताफा आणि क्लाइव्हची फौज आली. तुळाजी आंग्र्यांचं आरमार किल्ल्याच्या आसऱ्याला दाटीने नांगरलेलं. एक गोळा ‘रिस्टोरेशन’वर पडला. हे जहाज मुळात कंपनीचंच, तुळाजीने पकडून आणलेलं. ते पेटलं आणि एकाला एक लागून सगळं आरमार जळालं. आणि जमिनीवरून इंग्रजांच्या साथीला कोण? पेशव्यांची फौज! आदल्या वर्षी सुवर्णदुर्ग पडला तेव्हाही तीच जोडी होती. खांदेरीला इंग्रजांना जेरीस आणणाऱ्या आरमाराची ही गत आपल्याच माणसांच्या हातभाराने झाली. यावर ‘राजकारण होतं ते’ म्हणणाऱ्यांनी एकदा त्या खाडीच्या काठावर उभं राहून म्हणावं.

विजयदुर्गजवळच्या गिर्ये गावातली जुनी गोदी चुकवू नका, पाट्यांवर विसंबूही नका. गावात ‘आंग्र्यांची गोदी’ म्हणून विचारा, कुणीही वाट दाखवतो. ओहोटीलाच जा आणि चपला घालून उतरू नका, गाळ त्या ठेवून घेतो. किल्ल्याला होडीतून चक्कर मारून समुद्राखालची भिंत दाखवतो म्हणाले, तर नको म्हणा. वरून पाणी दिसतं, भिंत नाही.