नायजेरियन बायकांना घर दिलंत, भीती नाही वाटली?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. वाटली होती.

नायगावच्या आमच्या घरातली मागची खोली मी परळला उपचारांसाठी येणाऱ्यांना देते. दोन वर्षांपूर्वी ओळखीच्या एका सिस्टरचा फोन आला. लेगॉसहून मायलेकी आल्यात, आईची किमो सुरू व्हायचीय, पण कुणी जागा देत नाही. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "नायजेरियन?" पेपरात हा शब्द मी 'ड्रग्ज' आणि 'अटकेत'च्या शेजारीच वाचत आले होते. त्या बातम्या खोट्या नव्हत्या. पण त्यापलीकडे त्या देशाबद्दल मला काहीच माहीत नव्हतं.

सोसायटीत कुरबूर झाली. परदेशी माणूस राहायला आला की तेव्हा घरमालकाला 24 तासांत ऑनलाइन सी फॉर्म भरावा लागायचा. तो भरून मी सेक्रेटरींना दाखवला आणि विषय मिटवला.

पहिल्याच सकाळी लेक स्वयंपाकघराच्या दारात आली, माझ्यासमोर गुडघे टेकले आणि म्हणाली, "ए कारो." मी गडबडून तिला उठवायला धावले. त्या नायजेरियातल्या योरुबा समाजाच्या. त्यांच्यात मोठ्यांना सकाळी असंच भेटतात. मुलगे तर पार लोटांगण घालतात. आणि तो 'ए' आदराचा. बरोबरीच्याला वेगळं, वडीलधाऱ्याला वेगळं, अगदी आपल्या तू आणि तुम्हीसारखं. आम्ही दोघी इंग्रजीत बोलायचो, तेव्हा ते एकच 'यू' तिलाही खटकायचं आणि मलाही.

सगळ्यात जास्त आठवते ती चवळी. किमोनंतर आजींना काही जाईना. एक दिवस त्यांनीच अकारा मागितला. लेकीने दादरहून चवळी आणून भिजत घातली. आजी खुर्चीत बसून पाण्यातले दाणे दोन्ही तळव्यांनी चोळत राहिल्या. सालं वर तरंगली की ओतायची, पुन्हा पाणी घ्यायचं. हात थरथरत होते, पण दुसऱ्या कुणाला पातेल्याला हात लावू देईनात. मग ती चवळी कांदा-मिरची घालून वाटली, फेसली आणि वडे तळले. माझी आई वाल सोलायला बसली की अशीच हट्टाला पेटायची. पुढच्या आठवड्यात मी बिरड्यासाठी वाल भिजवले, तर आजींनी न विचारता ताट पुढे ओढलं.

मी एकदा लेकीला म्हटलं, नायजेरियन माणसं फार मायाळू बाई. ती म्हणाली, "आमच्याकडे पाचशेच्या वर भाषा आहेत, तुम्ही नेमकं कुणाबद्दल बोलताय?" मी वरमले. चांगलं बोलायला गेले तरी सगळ्यांना एकाच पोत्यात भरत होते. कुणी मला 'इंडियन लोक कसे असतात' विचारलं, तर मी तरी कुणाचं सांगणार? निघताना तिलाही घरच्यांनी सांगितलं होतं, भारतात आपल्याला कुणी घर देत नाही. तेही खोटं नव्हतं.

आणखी एक गोष्ट मला तिच्याबरोबर फिरल्यावरच दिसली. लेडीज डब्यात तिघींच्या बाकावर सरकून चौथी बसतेच, पण तिच्या शेजारची ती चौथी सीट रिकामी राहायची. बायका दांडीला लोंबकळत उभ्या राहायच्या, पण 'सरका' म्हणायच्या नाहीत. चाळीस वर्षं मी लोकलने फिरले, असं कधी पाहिलं नव्हतं. किंवा पाहिलं असेल, कळलं नसेल. ती खिडकीबाहेर बघत बसायची. मला मात्र तिच्याकडे बघवायचं नाही.

परत जायच्या आधी आम्ही मंगलदास मार्केटला कापड घ्यायला गेलो. येताना मशीद बंदरला एक बाई दोन जड पिशव्या घेऊन चढली, हिच्यासमोर आली आणि म्हणाली, "सरको ना जरा." ही सरकली. ती बाई टेकली आणि एक पिशवी सरळ हिच्या मांडीवर ठेवली. दादर येईपर्यंत हिने ती दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.