येझदीचे इंजिन, खारी हवा आणि एक ऑइल सील

देवगडच्या किनाऱ्यावर जुनी मोटारसायकल चालती ठेवायची असेल, तर झिजेपेक्षा जास्त भीती ती उभी राहण्याची असते. चालणारी गाडी झिजते, पण झिजलेला भाग बदलता येतो. बंद पडून राहिलेल्या गाडीत मात्र खारी हवा आणि पावसाळ्यातली दमट हवा जिथे शिरते, तिथे काय काय बिघडवून ठेवते हे इंजिन पूर्ण उघडेपर्यंत कळत नाही. माझ्या मामांची 1984 सालची 250 सीसी येझदी त्यांच्या मांगरात (शेतावरच्या खोपीत), हापूसच्या रिकाम्या पेट्या आणि पेंढा यांच्या शेजारी, कित्येक पावसाळे उभी होती. ती त्यांनी मला दिली, आणि ती पुन्हा रस्त्यावर येईपर्यंत जे काही करावे लागले, ते इथे लिहीत आहे. अशीच गाडी पडवीत झाकून ठेवलेली अनेक घरे आपल्याकडे आहेत, त्यांना याचा उपयोग व्हावा एवढीच इच्छा आहे.

म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने 1961 साली जावा मोटारसायकली बनवायला सुरुवात केली, 1973 पासून त्याच गाड्या येझदी या नावाने येऊ लागल्या आणि 1996 साली कारखाना बंद झाला. आज त्याच नावाच्या नव्या गाड्या विकल्या जातात, पण त्यांचा एकही भाग जुन्या टू-स्ट्रोक इंजिनाला लागत नाही. त्यामुळे जुन्या येझदीचे सामान म्हणजे कुणाच्या दुकानात राहिलेला जुना साठा किंवा लहान कारखान्यांनी बनवलेले नवे भाग, आणि या नव्या भागांचा दर्जा हातात घेऊन, मापून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

गाडी सुरू करायला फारसा त्रास पडला नाही. कार्बोरेटर खोलून साफ केला, पॉइंटवरचा (ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांवरचा) थर काढून फीलर गेजने 0.4 मिलिमीटरचे अंतर लावले, नवा प्लग बसवला आणि गिअरचाच दांडा आत दाबून वर वळवत किक मारली. येझदीत गिअर आणि किक यांना एकच दांडा आहे, आणि गिअर टाकताना तोच क्लचही सोडवतो; ही रचना मला अजूनही थक्क करते. इंजिन सुरू झाले, पण दोन्ही सायलेन्सरमधून पांढरट धूर येऊ लागला आणि इंजिन चांगले तापले तरी तो थांबला नाही. जामसंड्याच्या चढावर गाडी दम टाकू लागली. तेल जास्त मिसळले असेल, कार्बोरेटर बदला, रिंगा गेल्या असतील, असे सल्ले भेटेल त्याच्याकडून मिळाले.

खरे निदान कणकवलीच्या बाजूच्या एका वयस्क मेस्त्रींनी केले. त्यांनी सायलेन्सरच्या टोकात बोट फिरवले, बोटाला लागलेले काळे, चिकट तेल दोन बोटांत चोळून पाहिले आणि म्हणाले, "आधी गिअरातला तेल बघ, मगे कार्बोरेटराक हात लाव." मी विचारले, "मेस्त्रीनू, गिअरच्या तेलाचो धुराशी काय संबंध?" त्यावर त्यांनी जे समजावले, ते जुने टू-स्ट्रोक इंजिन बाळगणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे. टू-स्ट्रोक इंजिन पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण आधी खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्ट हा इंजिनचा मुख्य दांडा फिरतो त्या कप्प्यात, ओढून घेते आणि मग वर ढकलते. त्यामुळे क्रँककेस हवाबंद असावी लागते, आणि ते काम क्रँकशाफ्टच्या दोन्ही बाजूंची रबरी ऑइल सील करतात. येझदीत डाव्या बाजूच्या सीलपलीकडे क्लच आणि गिअरचे तेल असते. ते सील कडक होऊन त्याची कड शाफ्टला घट्ट बसेनाशी झाली, की इंजिन प्रत्येक ओढीबरोबर गिअरचे तेल आत घेते आणि जाळते. उजव्या बाजूला, डायनॅमोकडे, सील गेले तर तेलाऐवजी बाहेरची हवा शिरते, मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, आणि इंजिन तापून जाम होण्याची भीती निर्माण होते. तेव्हा धूर ही डाव्या सीलची खूण आणि कारण नसताना वाढणारा वेग ही उजव्याची.

मी गिअरबॉक्समध्ये मापून तेल भरले, रोजच्या कामासाठी गाडी वापरली आणि मग तेल पुन्हा काढून मापले. बाहेर कुठेही गळती नसताना तेल भरपूर कमी झाले होते. वरून किती ठाकठीक केले तरी उपयोग नाही हे आता स्पष्ट होते, आणि कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगलाही खेळ जाणवत होता, म्हणून इंजिन फ्रेममधून उतरवून पूर्ण उघडायचे ठरले.

उघडल्यावर उभ्या गाडीचे खरे नुकसान दिसले. सिलिंडरमध्ये पिस्टन जिथे वर्षानुवर्षे थांबला होता, तिथे गंजाची एक कडी उमटली होती. बेअरिंगच्या गोळ्यांवर बारीक खड्डे होते. आणि सीलची कड नखाने दाबली तर वाकण्याऐवजी तडकत होती. हे काम आपल्याकडे होण्यासारखे नव्हते. फोंडा घाट आणि राधानगरी मार्गे सिलिंडर आणि क्रँकशाफ्ट कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात नेले. तिथल्या लेथवाल्यांकडे बोअरिंगला (सिलिंडर आतून कापून घ्यायला) जाताना आधी पिस्टन हातात असावा लागतो, कारण पिस्टनच्या प्रत्यक्ष मापावर सिलिंडर कापायचा असतो, डब्यावर छापलेल्या मापावर नव्हे. येझदीचा मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 65 मिलिमीटरचा आहे आणि पुढचे पिस्टन पाव मिलिमीटरच्या टप्प्याने वाढतात. मला मिळालेल्या पिस्टनांपैकी एकाचे माप मायक्रोमीटरने घेतल्यावर तो असायला हवा तसा किंचित लंबगोल नसून जवळपास गोल असल्याचे आढळले, म्हणून तो परत करून दुसरा घेतला.

क्रँकशाफ्टचे काम मी शेजारी उभा राहून पाहिले. जुनी पिन प्रेसखाली काढून नवा रॉड आणि बेअरिंग बसवल्यावर त्या कारागिराने शाफ्ट दोन सेंटरमध्ये धरला, डायल गेज लावले आणि हाताने हळूहळू फिरवू लागला. गेजचा काटा जिथे पुढे सरके, तिथे चकतीवर खडूची रेघ ओढायची, तांब्याच्या हातोडीने एकच ठोका द्यायचा आणि पुन्हा फिरवून पाहायचे. बोलणे नाही, घाई नाही. काटा शेवटी मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत, जेमतेम थरथरत राहिला, तेव्हाच त्याने शाफ्ट उतरवला. इंजिन चालताना हँडलला येणारे कंप किती कमी असतील, हे त्याच ठोक्यांवर ठरते. त्या दुकानात घालवलेली दुपार मला या साऱ्या खटाटोपातील सर्वांत मोलाची वाटते.

सीलसाठी येझदीच्याच नावाचा डबा शोधत बसण्याची गरज नसते. प्रत्येक सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी कोरलेली असते. ती मापे सांगितली की बेअरिंगच्या कोणत्याही चांगल्या दुकानात तेच सील मिळते. साध्या नायट्राइल रबरापेक्षा व्हिटॉनचे महाग पडते, पण हल्लीच्या पेट्रोलमधील इथेनॉल त्याला सहज मानवते, म्हणून मी तेच घेतले.

इंजिन बांधून झाल्यावर सुरुवातीला एका लिटर पेट्रोलला 50 मिलिलिटर टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचे) तेल मिसळले आणि नवा बोअर घासून बसल्यावर ते प्रमाण 40 वर आणले. धूर पूर्ण थांबला असे म्हणणार नाही, टू-स्ट्रोकचा तो निळसर, हलका धूर राहणारच. पण मागच्या माणसाचे डोळे झोंबणारा पांढरा लोट गेला. फोंडा घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन एका सुरात ओढत होते, आणि तो सूर ऐकताना मला अक्षरशः भरून आले. घाट उतरताना मात्र एक काळजी घ्यावी लागते. या इंजिनाचे वंगण पेट्रोलमधूनच येते, म्हणून थ्रॉटल बंद ठेवून लांबवर उतरत राहिले तर वेग असूनही पिस्टनला तेल पुरत नाही. मी उतारावर अधूनमधून थ्रॉटल थोडा उघडतो. मामाही तसेच करत असत, असे मामींनी सांगितले.

पेट्रोलचा प्रश्न इंजिनकामाइतकाच चिवट निघाला. आता पंपावर 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे हवाच पाण्याने भरलेली असते, आणि अर्धी रिकामी टाकी उभी ठेवली की एका मर्यादेनंतर पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसते. तिथूनच टाकीला गंज धरतो, कार्बोरेटरच्या फ्लोटच्या वाटीत पांढरी भुकटी जमते आणि पेट्रोलच्या कॉकमधले जुने रबर फुगते. माझ्या टाकीतला गंज मी सायट्रिक ॲसिडच्या पाण्याने काढला; नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने विसळून, कडक उन्हात वाळवून, लगेच तेलमिश्रित पेट्रोल आत फिरवले, कारण उघडी पडलेली पत्र्याची बाजू खाऱ्या हवेत एका रात्रीत पुन्हा लाल होते. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने मिश्रण पातळ होते, म्हणून कार्बोरेटरमधून पेट्रोल सोडणारा मेन जेटही थोडा मोठा घ्यावा लागला. प्लग काढून पाहिल्यावर त्याचे टोक पांढरे होते ते फिकट कॉफीच्या रंगावर आले, तेव्हा जेटचे काम संपले असे मानले. पावसाळ्यात टाकी मी काठोकाठ भरलेली ठेवतो किंवा पूर्ण रिकामी, मधली अवस्था नाही.

विजेचे काम थोडक्यात सांगतो. सहा व्होल्टच्या गाडीत तेवढ्याच वॅटच्या दिव्याला बारा व्होल्टच्या तुलनेत दुप्पट प्रवाह लागतो, त्यामुळे जोडावरचा थोडासा गंजही दिवा मंद करायला पुरतो. मी फ्रेमवरची प्रत्येक अर्थिंगची जोडणी पॉलिश पेपरने घासून, घट्ट करून, वर पेट्रोलियम जेली लावली. एवढ्यावरच हेडलाइट दिसण्यासारखा झाला.

कागदपत्रांचे काम ओरोसच्या परिवहन कार्यालयात झाले. गाडीचा क्रमांक एमएच-07 ही ओळख येण्यापूर्वीचा असल्याने तिची नोंद आधी संगणकावर बॅकलॉग (राहून गेलेली जुनी नोंद) म्हणून चढवावी लागली, मग फॉर्म 29 आणि 30 वर मालकी बदल आणि फॉर्म 25 वर नोंदणीचे नूतनीकरण. चासी क्रमांकाची छाप पेन्सिल कागदावर घासून घ्यायची असते. मामांच्या गाडीवर रंगाचे थर इतके होते की अंक स्पष्ट उमटावेत म्हणून ते आधी थिनरने हळुवार उघडे करावे लागले. मी हे 2023 साली केले, तेव्हा पंधरा वर्षांवरील दुचाकीचे नूतनीकरण शुल्क 1000 रुपये होते, जे एप्रिल 2022 पूर्वी 300 होते; ऑगस्ट 2025 पासून वीस वर्षांवरील मोटारसायकलींना ते 2000 झाले आहे. पर्यावरण कर आणि मुदत उलटल्याचा विलंब आकार वेगळा भरावा लागतो. नूतनीकरण पाच वर्षांसाठी मिळते.

पीयूसीची, म्हणजे धुराच्या प्रदूषण चाचणीची, मला सर्वांत जास्त धास्ती होती. मार्च 2000 पूर्वीच्या दुचाकींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 4.5 टक्के आणि हायड्रोकार्बनची 9000 पीपीएम आहे. जुन्या सीलसह, गिअरचे तेल जळत असताना, ही गाडी हायड्रोकार्बनच्या मर्यादेत बसण्याची आशा मला नव्हती. नव्या सीलनंतर, इंजिन नीट तापवून नेल्यावर, ती पहिल्याच चाचणीत पास झाली. मेस्त्रींना फोन करून कळवले, तेव्हा त्यांनी फक्त तेलाची पातळी विचारली.

आता गाडी बाजाराला, कुणकेश्वरला, कधी विजयदुर्गपर्यंत जाते. मिठमुंबरीच्या बाजूने किनाऱ्यालगत जाऊन आलो की रिम, स्पोक आणि साखळी गोड्या पाण्याने धुतो, पुसतो आणि तेलाचा हात फिरवतो. पावसाळ्यात गाडी नुसती जागेवर पाच मिनिटे चालवून बंद करणे टाळतो, कारण अर्धवट तापलेल्या इंजिनात जमलेले पाणी आतच राहते. उघडीप मिळाली की पूर्ण गरम होईपर्यंत फिरवून आणतो. पडेल तिठ्याजवळच्या एका गृहस्थांनी माझी गाडी पाहून त्यांच्या वडिलांची येझदी उघडायला घेतली आहे. तिच्याही सायलेन्सरला तेच काळे, चिकट तेल आहे. त्यांचा क्रँकशाफ्ट आणि सिलिंडर कोल्हापूरला जाण्याआधी पिस्टन मिळवून त्याचे माप घ्या, असे मी त्यांना सांगून ठेवले आहे आणि सीलची मापे लिहून दिली आहेत.