तांदूळ भिजले की पैसे परत नाहीत

"लग्नातल्या रुखवताच्या ऑर्डरला सगळे पैसे आधीच का घेता हो तुम्ही? विश्वास नाही का आमच्यावर?" हा प्रश्न मला फोनवर विचारून झालाय, मंडईत भाजी घेताना विचारून झालाय, एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे खुर्चीत आ करून बसले होते तेव्हा तिथल्या असिस्टंटने विचारला, तिच्या भाचीचं लग्न होतं. तोंडात कापूस होता म्हणून नुसती मान हलवली. तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट लिहिते, पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पाठवीन.

रुखवत म्हणजे काय आणि आजकाल ते कोण मांडतं वगैरे सोडून देते, तुम्हाला माहितीये. मी करते ते नवरा-नवरीची नावं घालून करते एवढंच. तुळशीवृंदावन, सप्तपदी, नारळाचे नवरानवरी, आणि आता पुण्यात म्हात्रे पुलाकडच्या लॉन्सवर गोल टेबलं मांडतात तर प्रत्येक टेबलावर मधोमध ठेवायला काहीतरी, त्यावरही दोघांची नावं, तारीख. सोबत अनारसे, चिरोटे, साटोऱ्या, पाच प्रकारचे लाडू, घरी केलेले. घरी म्हणजे खरंच घरी, आमच्या स्वयंपाकघरात, मी आणि दोन मावशी. फूड रजिस्ट्रेशन आहे (केलं तेव्हा वर्षाला १०० रुपये फी होती, कोणी विचारायच्या आत सांगते).

कार्यालयवाला बुकिंगला पैसे घेतो तेव्हा त्याला कोणी विश्वासाचं विचारत नाही. फोटोग्राफरला नाही, मेंदीवालीला नाही. घरातून काम करणाऱ्या बाईलाच विचारतात, वर "घरचंच तर आहे" असंही म्हणतात. ठीके. हे बोलायचं होतं, बोलले.

आता सामानाचं. बोहरी आळीतून लेस, मणी, जरीचे काठ, अप्पा बळवंत चौकातून कार्डशीट, लेझरने कापून घेतलेली एमडीएफची (लाकडाच्या भुशाच्या फळीची) अक्षरं. एकदा अक्षरं कापून आली की ती त्याच नवरीची. त्यात मुलीचं नाव बदलणार की नाही हा घोळ असतो, मुलीकडचे म्हणतात आहे तेच घाला, आणि मग मुलाच्या आईचा वेगळा फोन येतो की थांबा, आमचं अजून ठरलं नाहीये, ताटात तांदळावर लिहू तेव्हा कळेल. अहो मग मी काय लग्न लागल्यावर नाव चिकटवू का?

आणि अनारसे. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, फडक्यावर सावलीत पसरायचे, किंचित ओले असतानाच दळायचे, चाळायचे, गुळात मळून गोळे ठेवून द्यायचे. मग थापायचे खसखशीवर, आणि तुपात एकाच बाजूने तळायचे, उलटायचे नाहीत, वरून झाऱ्याने तूप उडवायचं. गूळ जरा जास्त झाला की अनारसा कढईत हसतो, म्हणजे तुपात विरून जातो, आणि तुम्ही रडता. म्हणून माझा नियम, तांदूळ भिजले की पैसे परत नाहीत. ऐकायला छान वाटतो, लोकांना पटतोही. बऱ्याच जणांना वाटतं त्यातच माझं उत्तर आहे.

ते खरं उत्तर नाहीये. गुळात मळलेलं अनारशाचं पीठ बरेच दिवस टिकतं, हे तुमच्या आज्यांना माहीत होतं आणि मलाही माहितीये. एका लग्नाचं पीठ दुसऱ्या लग्नाला चालतं. तांदळाचं कारण मी पुढे करते कारण ते सांगायला सोपं आहे.

खरं कारण २०२४ चं आहे. आठवत असेल तर त्या वर्षी गुरू आणि शुक्र दोघांचाही अस्त होता, मे-जूनमध्ये धड मुहूर्तच नव्हते, त्यामुळे खूप लग्नं तुळशीचं लग्न झाल्यावरच्या सीझनवर ढकलली गेली. दिवाळी संपली तरी आमच्याकडे दिवाळीच, घरभर डबे, टेबलाच्या पायांभोवती मुंग्यांसाठी लक्ष्मणरेषेचा खडू ओढलेला, कारण साखरेच्या क्यूबचं वृंदावन घरात आहे हे मुंग्यांना आपल्याआधी कळतं.

त्यातली एक ऑर्डर. तेव्हा मी अर्धे पैसे आधी आणि अर्धे वस्तू नेताना घ्यायची. मुलगी स्वतः आली होती, सहसा आई किंवा मावशी येते. खाली सतरंजीवर बसली आणि म्हणाली मला नेहमीची सप्तपदी नको, प्रत्येक पावलावर आमचं काहीतरी हवं. आणि सांगत गेली. सिंहगडावरचं पिठलं-भाकरीचं छप्पर, पीएमपीचा थांबा जिथे दोघं रोज एकाच बसची वाट बघायचे आणि वर्षभर बोललेच नाहीत, त्याच्या आजीचा झोपाळा, तिच्या आजोळची रहाटाची विहीर, असं करत सातव्यावर कुत्रा. म्हटलं कुत्रा कुणाचा? म्हणाली आमचाच, लग्न झाल्यावर घेणार आहोत.

मी ते सगळं क्लेमध्ये केलं. कॉर्नफ्लॉवर आणि फेव्हिकॉल शिजवून मी घरीच क्ले करते, तो वाळताना आकसतो, त्यामुळे विहिरीचा काठ तडकायचा, परत करायचा. रहाटाला खरा दोरा, बादली टिकलीएवढी. मला तो कुत्रा फार छान जमला होता, हे इथे लिहायची गरज नाही पण लिहिते.

लग्नाला आठवडा राहिला असताना वडिलांचा फोन आला. लग्न होत नाहीये, कारण विचारू नका. मी विचारलं नाही, अजूनही मला माहीत नाही. बरं म्हटलं, वाईट वाटलं म्हटलं, त्यावर लगेच पुढचं वाक्य, "ॲडव्हान्स कधी परत कराल?" मी म्हटलं काका, सगळं तयार आहे. ते म्हणाले, "मग चांगलंच की, नावं खरवडा आणि द्या दुसऱ्या कुणाला." मी त्यांना विहीर, बसथांबा समजावून सांगायला लागले, अर्ध्यात माझंच मला कळलं की मी ह्या माणसाला आत्ता त्याच्या मुलीच्या आजोळची विहीर समजावतेय. गप्प बसले. ते म्हणाले, "लग्न मोडलेल्या घरातून तुम्हाला पैसे हवेत?"

ह्यावर काय बोलणार? हो म्हणावं तर मी राक्षसीण, नाही म्हणावं तर दोन मावशांचा पगार कुठून देऊ. मी म्हटलं उरलेले नका देऊ, पण ॲडव्हान्स परत होणार नाही. फोन आपटला. सासूबाई म्हणाल्या देऊन टाक, तळतळाट नको. हे म्हणाले अजिबात देऊ नको. मी दिले नाहीत, आणि आज परत तसाच फोन आला तरी देणार नाही. फक्त पुढे बरेच दिवस, ओळखीच्या ओळखीतून, ते वाक्य माझ्याकडे परत येत राहिलं, ती अमुक अमुक बाई ना, मोडलेल्या लग्नाचेही पैसे खाते.

मग ती मुलगी आली. संक्रांत झाली होती. एकटी. म्हणाली बघायचंय. मी माळ्यावरून खोका काढला, तिने सातही पाटांवरचं एकेक हातात घेऊन बघितलं, रडली वगैरे नाही, कुत्र्यापाशी हसली सुद्धा. म्हणाली, विहीर नेऊ का? म्हटलं सगळंच तुझं आहे, ने. नाही, विहीरच. कागदात गुंडाळून दिली. तिळाची वडी खाल्ली, चहा घेतला, गेली. ती जिन्यात असतानाच माझा फोन वाजला, तिने उरलेले अर्धे पैसे पाठवले होते. मी परत पाठवले. तिने परत पाठवले, खाली लिहिलं, "काकू प्लीज. माझ्या पगारातले आहेत. बाबांना सांगू नका."

आता मला सांगा. वडील गावभर सांगतायत की मी अर्धे पैसे खाल्ले, आणि माझ्याकडे पूर्ण आलेत, आणि मी ते कुणाला सांगू शकत नाही. (हे लिहिण्याआधी तिला विचारलं. आता तिकडे सगळं निवळलंय. म्हणाली लिहा, फक्त नावं नको आणि कुत्र्याची जात लिहू नका.)

तर तेव्हापासून सगळे पैसे आधी. माझे बुडाले म्हणून नव्हे, हिशोबात बघाल तर त्या ऑर्डरमध्ये माझा एक रुपया गेला नाही. अर्धे पैसे बाकी असले आणि लग्न फिसकटलं तर ते बाकी पैसे घरातल्या कुणाच्या तरी डोक्यावर बसतात, आणि बहुतेक वेळा ज्याच्यावर बसू नयेत त्याच्यावरच. ती मुलगी जिन्यात उभी राहून, मन कुठे आणि बोटं कुठे, मला पैसे पाठवत होती. आधी सगळे घेतलेले असते तर ती नुसती विहीर न्यायला आली असती.

माझ्यातली जुनी मी ह्यावर म्हणते, फार शहाणी आहेस, एवढंच होतं तर दुसऱ्यांदा आलेलेही परत पाठवायचे, तिसऱ्यांदाही पाठवायचे. ती जुनी मी सुरुवातीला "मी पैशासाठी नाही, हौसेने करते" असं सांगत फिरायची आणि लोक तिला खरंच हौसेचेच पैसे द्यायचे. तिचं सगळं ऐकत बसले तर हे बंद करावं लागेल. पण ह्या एका बाबतीत तिला मी काय सांगावं हे मला सुचलेलं नाही. त्या मुलीने पाठवलेले परत करणं म्हणजे तिचा अपमान होता का? मला तेव्हा तसं वाटलं. कधी कधी वाटतं, ते वाटणं मला सोयीचं होतं.

आणि हो, सगळे पैसे आधी घेऊन लग्न मोडलंच तर काय, हेही विचारता तुम्ही. खाण्याचे परत करते, तांदूळ भिजले असले तरी. बोर्डावर तसं लिहिलेलं नाही आणि लिहिणारही नाही, नाहीतर लोक आठ दिवस आधी मेनू बदलायला मोकळे. वस्तूंचे परत नाही. त्यावर वाद घालायचा असेल तर या, चहा मिळेल.

गेल्या महिन्यात त्याच मुलीची मावशी आली होती, धाकट्या भाचीचं वैशाखात आहे. मी मनात सगळी तयारी करून बसलेली, आता ही बोलणार, मागचं काढणार, अर्धे देते म्हणणार. तिने रक्कम विचारली आणि एक शब्द न काढता सगळे भरून टाकले. मला ते काही बरं वाटलं नाही. भांडली असती तर मी कमी केले असते का? बहुतेक नाही. पण भांडायला हवी होती.