आमची वाटचाल: परतवाड्याचा बांबू, शाळकरी मुलांची धनुष्यं

आमचं मूळ काम बांबूच्या सुपल्या-टोपल्या विकण्याचं. धनुष्याकडे वळलो ते शालेय स्पर्धांमुळे. तिरंदाजीच्या इंडियन राउंड प्रकारात मुलं बांबूचंच धनुष्य वापरतात आणि आमच्या जिल्ह्याला तिरंदाजीची ओढ आहे. टोकियो ऑलिम्पिक खेळलेले साताऱ्याचे प्रवीण जाधव घडले तेही अमरावतीच्या क्रीडा प्रबोधिनीत. पण इथल्या पोरांना धनुष्य लांबून मागवावं लागायचं, आणि बिघडलं की दाखवायचं कुणाला? मेळघाटातले तिरकमठा करणारे कोरकू कारागीर आमच्या जुन्या ओळखीचे. त्यांच्या भरवशावर काम सुरू केलं. आजही शेवटचा हात त्यांचाच फिरतो.

बांबू आम्ही तीन वर्षांवरचा घेतो, तोही पावसाळा सरल्यावर तोडलेला. कोवळ्याला भुंगा लवकर लागतो, शिवाय वाकवला की तो वाकलेलाच राहतो. वाळवण सावलीतच, उन्हात टाकला की तडकलाच समजा. 2017 मध्ये वन कायदा बदलला, वनक्षेत्राबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून निघाला आणि वाहतूक परवान्याची कटकट गेली. तेव्हापासून शेताच्या बांधावर जाऊन एकेक बांबू निवडून आणतो.

खरं कसब वाक जुळवण्यात आहे, म्हणजे मुठीच्या दोन्ही बाजूंची पाती सारखी वाकतील असं करण्यात. भिंतीवरच्या खुंटाला मूठ टेकवायची, दोरी कप्पीतून खाली घेऊन थोडी थोडी ओढायची आणि लांब उभं राहून दोन्ही पाती बघायची. जिथे पातं ताठ राहतं तिथे पेन्सिलीची खूण. मग खाली उतरवून त्या खुणेवर पोटाकडून, म्हणजे तिरंदाजाकडच्या बाजूने, काचेने खरवडायचं. पाठीला, म्हणजे सालीच्या बाजूला, हात लावायचा नाही. सगळा ताण बांबूच्या सालीकडचे धागे घेतात; तिथे एक धागा जरी कापला तरी पुढे तिथूनच सल उचलतो. पेराजवळ जाडी थोडी राखायची. प्रत्येक खरवडीनंतर दोरी अर्ध्यापर्यंत बऱ्याचदा ओढून सोडायची, कारण केलेला बदल वाकात उतरायला वेळ लागतो. एखादी जागा जास्त वाकली तर तिथे बांबू परत चिकटवता येत नाही. बाकीचं पातं तिच्या बरोबरीला आणावं लागतं आणि तेवढे पौंड (धनुष्य ओढायला लागणारा जोर) कमी होतात. म्हणून ठरलेल्या पौंडांपेक्षा भारी सुरुवात करायची.

या कामाला घाई चालत नाही. एका व्यापाऱ्याने मोठी ऑर्डर देऊ केली होती, महिन्याभरात माल हवा म्हणाला. आम्ही नाही म्हटलं. बारा वर्षांच्या पोरीच्या चेहऱ्याजवळ पातं तुटलं तर काय होतं, हे या धंद्यातल्या माणसाने विसरून चालत नाही.

पहिल्या हंगामानंतर धनुष्य आमच्याकडे परत आणा. वापरात पातं थोडं बसतं, वाक सरकतो. तो आम्ही पैसे न घेता जुळवून देतो. नवीन घ्यायचं असेल तर मुलाला सोबत आणा. पौंडांचं माप 28 इंच ओढीवर धरतात आणि लहान मुलाची ओढ तेवढी नसते, त्यामुळे हात मोजल्याशिवाय आम्ही धनुष्य देत नाही.